विमलताईची हत्यारं

विमलताईला एस.टी.ची पहिली पायरी चढता यायची नाही, म्हणून आमच्या घरी गाडी आली. केजमध्ये मात्र चर्चा वेगळीच झाली. मास्तरला मस्ती आली, नर्सबाईचं डोकं फिरलं, आता ही मंडळी जमिनीवर पाय ठेवायची नाहीत, असं बरंच काय काय. खरी गोष्ट साधी होती. स्टँडवर अंबाजोगाईची एस.टी. लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोप्या, वेळेला लेकरंसुद्धा आत टाकायचे. दाराशी खांद्याला खांदा भिडायचा. आणि डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट चढवलेली माझी मोठी बहीण त्या गर्दीच्या कडेला वह्या छातीशी धरून उभी असायची. एखादा कंडक्टर भला असला तर वरून हात पुढं करायचा. तो हात तिला नको असायचा. ती पुढच्या गाडीची वाट बघायची आणि कॉलेजचा पहिला तास बुडायचा.

पोलिओनं तिचा डावा पाय ती रांगत असतानाच निकामी केला होता. तो लोखंडी बूट मोठ्या शहरात माप देऊन करून आणावा लागे. पण माप द्यायचं उन्हाळ्यात आणि बूट हातात पडायचा दिवाळीच्या सुमाराला, तोवर ही वाढलेली असायची. त्यामुळे पट्टी वाकवणं, रिबिट ठोकणं, मांडीला घासतं तिथं कानस मारणं हे सगळं ती लहानपणापासून आपल्या हातानं करायची. आमच्या घराची सकाळ म्हणजे स्टोचा भर्र आवाज, त्यावर मायचा चहा, विहारातून ऐकू येणारी वंदना आणि ओट्यावर पाय पसरून बसलेल्या ताईच्या कानशीची खर्र खर्र. आज माझ्या फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर कुणी ग्रिल घासायला लागलं की शेजारणी दारं लावून घेतात. मी मात्र दार उघडून उभी राहते.

घर आमचं बौद्ध वस्तीच्या तोंडाशी होतं. दोन खोल्या, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि पुढं मोठं अंगण. माय सरकारी दवाखान्यात नर्स, आबा प्राथमिक शाळेत मास्तर. आबा कमी बोलायचे. वर्गात पोरांना ऐकू जाईल इतकाच आवाज त्यांनी जन्मभर वापरला. मायचं उलटं. ड्युटीवरून आली की पांढऱ्या साडीचा पदर खोचून भाकरी थापता थापता ती दिवसभराची बाळंतपणं मोठ्या आवाजात सांगायची. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. आणि तोंडी लावायला कुणाचं मूल आडवं होतं, कुणाची सासू दवाखान्यात येऊन भांडली. मला बेबी म्हणत. मी हायस्कुलात होते आणि ताईच्या हाताला जे लागेल ते आणून देणं हे माझं ठरलेलं काम होतं.

गाडी अंबाजोगाईच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची होती. गोल पाठीची, राखेच्या रंगाची, आत औषधाचा आणि विडीचा वास. गिअरची दांडी स्टेअरिंगलाच बसवलेली. आबा शाळेच्या आधी ताईला कॉलेजात सोडून यायचे. सकाळच्या वेळी जीप मिळायची नाही, पण दुपारी ती मिळेल त्या जीपनं परत यायची. जीपमध्ये निदान बूड टेकवून सरकता येतं. हे काही महिने नीट चाललं. मग गाडी आजारी पडायला लागली, आणि आमची गाठ भानुदासशेठशी पडली.

केजमध्ये तेव्हा धड गॅरेज त्यांचंच. आमची गाडी त्यांच्या दारात गेली की उन्हातच उभी राहायची. आमच्या मागून आलेल्या गाड्या दुरुस्त होऊन निघून जायच्या. आबा शाळा सुटल्यावर जाऊन हात बांधून उभे राहायचे आणि शेठ म्हणायचे, ‘‘मास्तर, उद्या.’’ एकदा ताई स्वतः गेली, सोबत मी. गाडीचं मागचं एक चाक जाम झालेलं आणि ब्रेक लागत नव्हता, एवढंच दुखणं होतं. ताईनं विचारलं, ‘‘नेमकं काय बिघडलंय? ड्रम काढून बघितला का?’’

शेठनी हातातला चहा खाली ठेवला नाही. तिच्या बुटाकडं बघून म्हणाले, ‘‘पोरी, तू आधी सरळ चाल, मग गाडीचं बघ.’’

गॅरेजातली माणसं हसली. मला रडू फुटलं. ताई म्हणाली, ‘‘मी हितं चालायला न्हाई आले. गाडी न्यायला आले.’’

आणि खरंच नेली. मी वस्तीत पळत गेले आणि चार-सहा जणांना घेऊन आले. जाम झालेलं चाक हातोड्यानं ठोकून जरा मोकळं केलं. ताई स्टेअरिंगवर बसली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि बाकीच्यांनी गाडी ढकलत घरी आणली. रस्त्यात कुणीतरी विचारलं, ‘‘कावून ढकलायलाव बे?’’ ढकलणाऱ्यांपैकी एकानं उत्तर दिलं, ‘‘पेट्रोलचा वास सोसत न्हाई तिला.’’ हसून हसून गाडी थांबवावी लागली. ताई तेवढी हसत नव्हती. ती दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून समोर बघत होती.

इथून पुढं आमच्या अंगणाचं गॅरेज झालं. ताईनं आधी खड्डा खणून घेतला, गाडीखाली बसून काम करता येईल एवढा. शेजारची गवळणबाई येऊन म्हणाली, ‘‘कबर खांदायलीस का काय गं?’’ ताईला गाडीखाली सरपटत जाणं जड होतं, पण खड्ड्यात उतरून बसलं की ती कुणाहीसारखीच. तिथं पायाचं काम नव्हतं.

खड्डा झाला, पण हत्यारं नव्हती. साधे पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर एवढं मिळायचं. पण गाडीला एकेका कामाचं एकेक खास हत्यार लागतं, आणि ते गॅरेजवाल्याकडंच असतं. चाकाचा ड्रम गंजून बसला की ठोकून निघत नाही. त्याला पुलर लागतो, म्हणजे तीन आकडे ड्रमच्या कडेला धरतात आणि मधला लांब बोल्ट आवळला की तो ड्रम ओढून काढतो. शेठकडं तो भिंतीला टांगलेला ताईनं बघितला होता. तिनं तो फरशीवर खडूनं काढला आणि आम्ही दोघी युनूसभाईंकडं गेलो.

युनूसभाईंचं वेल्डिंगचं दुकान स्टँडच्या मागं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दारं, जाळ्या असलं काम. मोटारीचं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं सांगायचेही. ‘‘बेटा, गाडी के अंदर का अपुन को मालूम नक्को पूछ. लोहा मंगता तो लोहा ले.’’ त्यांनी भंगाराचा ढीग दाखवला. ताईनं नांगराच्या मोडक्या पट्ट्या निवडल्या. वाकवायच्या कुठं हे ती सांगायची, तापवून ठोकायचे ते. पहिला पुलर आम्ही मोठ्या कौतुकानं लावला, बोल्ट आवळला, आणि एक आकडा तुटून असा उडाला की मायचा पाण्याचा रांजण फुटला. माय भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली. अंगणभर पाणी. ती काही बोलणार इतक्यात ताई म्हणाली, ‘‘आकडा बारीक झाला. जाड पायजे.’’ माय आत निघून गेली. दुसरा पुलर ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या तुकड्यांचा केला. त्यानं ड्रम असा आवाज करून सुटला की वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. आत काय, तर ब्रेकचा एक लायनर उखडून अडकलेला. एवढ्यासाठी गाडी उन्हात वाळत घातली होती.

मग ताईला नादच लागला. प्लग काढायला खोल पाना हवा, तर जुन्या पलंगाच्या पाईपचा तुकडा लाल करून नटावर बसवला आणि चारी बाजूंनी ठोकून त्याला सहा कोन आणले. प्लगच्या टोकाशी किती फट ठेवायची ते मोजायला आबांची दाढीची पाती एकावर एक ठेवली. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला मायकडची सलाईनची वापरून टाकलेली नळी आणि बाटली घेतली. माय ब्रेक दाबायची, मी बाटलीत बुडबुडे बघायची, ताई खड्ड्यातून ओरडायची, ‘‘दाब! सोड म्हणेपर्यंत सोडू नको!’’ माय म्हणायची, ‘‘बाईला कळा आणाव्या तशी ओरडायली ही.’’ अडचणीतल्या नटासाठी एक पाना मधोमध वाकवला, एक अर्धा कापला. ही सगळी हत्यारं ती मायच्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवायची. बाजारात मिळणार नाही असं एकेक वेडंवाकडं हत्यार. प्रत्येकाला आम्ही नाव दिलं होतं. वाकवलेला पाना ‘बगळा’, पुलरचं नाव ‘भानुदास’.

ताईवर पुढं एका पेपरवाल्यानं लिहायचं म्हटलं होतं. परिस्थितीवर मात, जिद्दीची कहाणी वगैरे. ताईनं त्याला अंगणातूनच वाटेला लावलं. ‘‘मात कशाची? ड्रम निघत नव्हता, काढला,’’ म्हणाली. मीही इथं तसलं काही लिहायला बसलेली नाही. आमची कुणी अडवणूक करत होतं आणि आम्ही ती चालू दिली नाही, एवढंच आहे.

मग आबांची बदली झाली, चकलांब्याला. गेवराईच्या पलीकडं, आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. आबांनी तिथं खोली घेतली आणि सुट्टीला तेवढे घरी येऊ लागले. गाडी अंगणात ठणठणीत उभी, आणि चालवणारं कुणी नाही. ताई बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. वसतिगृह बघून आलो, तर खोल्या वरच्या मजल्यावर आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. ती आठवडाभर राहिली आणि सामान घेऊन परत आली. आल्या आल्या तिनं साडीतली हत्यारं सोडली आणि गाडीचं ड्रायव्हरचं दार उघडलं.

तिचा उजवा पाय भक्कम होता. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही त्याच पायाचे. अडचण होती ती क्लचची, कारण तो डाव्या पायानं दाबायचा. तिला तो हातानं दाबता यायला हवा होता. क्लचच्या पेडलला खालून एक दांडा जोडायचा, तो वर वाकवून स्टेअरिंगच्या उजव्या अंगाला आणायचा, आणि तळहातानं पुढं ढकलला की पेडल दाबलं जावं, अशी तिची कल्पना. डावा हात गिअरला मोकळा. तेवढा क्षण चाक उजव्या कोपरानं आणि छातीनं आवरायचं. पहिला दांडा सळईचा केला, तो वाकला. दुसरा पाईपचा, तो जोडावर तुटला. तिसऱ्या वेळी ती घरातली पहार घेऊन युनूसभाईंकडं गेली. त्यांनी ती तापवून जिथं जिथं ताईनं खडू मारला तिथं वाकवली. मग कितीही जोर दिला तरी ती आणखी वाकली नाही की तुटली नाही. बसवून झाल्यावर युनूसभाईंनी तळहातानं ढकलून बघितलं आणि म्हणाले, ‘‘हौ. अब ये तेराच पाँव है.’’ ताईला एरवी असलं बोलणं खपायचं नाही. त्या दिवशी तिनं फक्त दांडा स्वतः एकदा ढकलून बघितला.

मायचा विरोध होता. उघड उघड होता. ‘‘अगं, दोन पायाच्या बायकांना गाडी देत न्हाईत लोक. तू कुठं चाललीस?’’ ताई गावाबाहेरच्या माळावर शिकायला जायची तेव्हा माय दारात उभी राहायचीच नाही. मी मात्र मागच्या सीटवर. गाडी उड्या मारायची, बंद पडायची, परत सुरू. हातानं क्लच सोडताना तो झटकन सुटतो, म्हणून ताई तो अर्धाच धरून ठेवायची. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. परीक्षेचं प्रॅक्टिकल तोंडावर आलं आणि एका सकाळी माळावर गाडीतून जळका वास यायला लागला. इंजिन ओरडत होतं, गाडी जागची हलत नव्हती. क्लचची प्लेट जळून गेली होती. बैलजोडी लावून गाडी घरी आणली.

क्लच प्लेट बदलायची म्हणजे अख्खी गिअरबॉक्स खाली उतरवायची. हे काम तिनं कधी केलं नव्हतं. मायनं आम्हाला न विचारता भानुदासशेठला बोलावणं धाडलं, आणि नर्सबाईचा निरोप म्हणून ते आलेही. उभ्या उभ्याच त्यांनी गाडीत डोकावून बघितलं. पहारीचा दांडा बघून त्यांचा चेहरा बदलला.

‘‘हे काय हाय?’’

‘‘क्लच,’’ ताई म्हणाली. ती सीटवर बसूनच होती.

‘‘बाई,’’ ते ताईशी नाही, मायशी बोलायला लागले, ‘‘क्लच मी बसवून देतो. पर आधी ही कांडी कापून टाकणार. पोरगी गाडी चालवणार असंल तर मी हात लावणार न्हाई. उद्या कुणाला उडीवलं तर नाव आमचं. गाडीला गिऱ्हाईक मी आणतो, इकून टाका. प्रत्येकानं आपल्या पायरीनं ऱ्हावं.’’

माझी खात्री होती की माय हो म्हणणार. तिला तेच हवं होतं. ताईनं गाडीचं दार आतून ओढून घेतलं आणि दोन्ही हात त्या दांड्यावर ठेवून बसली. मायनं तिच्याकडं बघितलं आणि शेठकडं वळली.

‘‘कोणत्या पायरीनं म्हनलाव शेठ?’’

‘‘तसं न्हवं बाई...’’

‘‘तुमच्या सुनेचं मूल आडवं आलतं, तवा ह्याच हातानं फिरवलं मी. तवा न्हाई इचारलं तुमी, कोणत्या पायरीचा हात हाय म्हणून.’’ मायचा आवाज एरवीपेक्षा खाली होता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. ‘‘माजी पोरगी चालवील गाडी. तुमी या आता. च्या ठेवलाय, घेऊन जायचा तर जा.’’

चहा त्यांनी आमच्याकडं आधी कधी घेतला नव्हता, तेव्हाही घेतला नाही. ते गेल्यावर माय पायरीवर बसली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ताईला म्हणाली, ‘‘चल. काय काय काढायचं ते सांग.’’

नवी प्लेट मायनं बीडहून आणली, ट्रेनिंगला गेली होती तेव्हा, भाकरीच्या डब्याशेजारी पिशवीत घालून. गिअरबॉक्स उतरवायला कोणी पुरुषमाणूस सापडेना. युनूसभाई भाचीच्या लग्नाला गेवराईला गेलेले. गाडीच्या आतल्या तळाचा पत्रा उघडला, वर आडवं मुसळ टाकलं, त्याला बैलाचा कासरा बांधून गिअरबॉक्स त्यात लटकवली. गवळणबाई आणि तिची जाऊ कासरा धरून, माय त्यांच्यामागं, ताई खड्ड्यात. बाळंतपणातलीच भाषा चालली होती. ‘‘हळू... अजून हळू... आलं डोकं... सोडा आता.’’ ते काळं तेलकट धूड खड्ड्यात पोत्यांच्या ढिगावर टेकलं तेव्हा गवळणबाई म्हणाली, ‘‘मुलगा हाय का मुलगी?’’

जुनी प्लेट निघाली, नवी लावायची. आणि इथं काम अडलं. क्लच प्लेटच्या मध्यावर दातेरी भोक असतं, आणि तिच्या मागं इंजिनाच्या जाड चाकात एक लहान भोक. ही दोन्ही भोकं अगदी एका रेषेत धरून वरचं झाकण आवळावं लागतं. केसभर इकडंतिकडं झालं तर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरतच नाही. गॅरेजमध्ये यासाठी एक गोल दांडा असतो, मागं जाड आणि पुढं बारीक. तो दोन्ही भोकांतून घालून ठेवला की प्लेट हलत नाही. आम्ही नजरेनं लावून बघितली, गिअरबॉक्स उचलली, शिरेना. परत उतरवली. परत लावली. तिसऱ्यांदा बायकांच्या हातांना फोड आले. ताई खड्ड्यात डोकं गुडघ्यावर टेकून बसली. प्रॅक्टिकल परवावर आलेलं.

माय सगळ्यांसाठी पोळ्या करायला आत गेली होती, ती कणकेचा गोळा घेऊन बाहेर आली. ‘‘भोक किती मोठं हाय ते ह्याच्यात दाबून बघ. टाके घालायच्या आधी आमी बोटानं बघतोच की.’’ ताईनं घट्ट कणीक आतल्या भोकात दाबली आणि हलक्या हातानं बाहेर काढली. माप मिळालं. मग दोघींची नजर एकाच वेळी मायच्या दुसऱ्या हाताकडं गेली. पोळ्या लाटता लाटता उठून आल्यामुळं लाटणं तिच्या हातातच होतं.

चांगलं शिसवी लाटणं होतं, मायच्या मामानं तिच्या लग्नात दिलेलं. तिनं ते क्षणभर बघितलं आणि खड्ड्यात दिलं. ताईनं त्याचं टोक कानशीनं घासायला घेतलं. घासायची, कणकेच्या मापाला लावून बघायची, परत घासायची. बारीक कामाला बाटलीची काच. मधला जाड भाग दातेरी भोकात जरा सैल बसत होता, तर दवाखान्यातली चिकटपट्टी त्याच्याभोवती घट्ट बसेपर्यंत गुंडाळली. उन्हं कलेपर्यंत अंगणभर शिसवाचा भुसा पडला होता. मग तिनं ते प्लेटमधून आत सरकवलं. मी वरून वाकून बघत होते. लाटणं आत गेलं, किंचित अडखळलं आणि आतल्या भोकात टक्कन बसलं. झाकणाचे बोल्ट आवळले. लाटणं ओढून काढलं.

‘‘उचला,’’ ताई खड्ड्यातून म्हणाली.

चौघींनी उचलली. गिअरबॉक्स सरळ आत गेली, जशी वाट बघत होती. ताईच्या तोंडून शीळ निघाली. एवढी लांब शीळ तिला येते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

प्रॅक्टिकलच्या सकाळी ती गाडी घेऊन अंबाजोगाईला निघाली. परवाना तिच्याकडं नव्हता. तो पुढं मिळाला, कचेरीच्या किती चकरा मारून. तिथला साहेब दांड्याकडं बघत म्हणाला होता, चालवून दाखवा, आणि चालवून दाखवल्यावर म्हणाला, अजून एकदा, मजा आली. पण त्या दिवशी नव्हता, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. माय युनिफॉर्म घालून शेजारी बसली, म्हणजे कुणी अडवलं तर पेशंटकडं निघालोय असं सांगता येईल. मी मागं. चढावर पुढं उसाची ट्रॉली रखडत होती आणि तिच्या मागं आम्हाला थांबावं लागलं. गाडी मागं सरकायला लागली. ताईचा एक हात क्लचवर, एक हँडब्रेकवर, पाय ॲक्सिलरेटरवर. ‘‘धर, मी दगड लावते,’’ म्हणून माय पटकन उतरली, तिनं मागच्या चाकाला दगड लावला. ट्रॉली हलली तशी ताईनं गाडी उचलली आणि जी निघाली ती चढ संपेपर्यंत थांबवलीच नाही, कारण थांबली तर परत निघेल याची तिला खात्री नव्हती. मी मागच्या काचेतून बघत होते. पांढऱ्या साडीतली माझी माय दोन्ही हातांनी निऱ्या उचलून चढावरून आमच्यामागं येत होती, शिव्या देत. माथ्यावर पोचली तेव्हा तिला धाप लागलेली आणि ती हसत होती.

ताई वेळेत पोचली. हाताला काळं तेल तसंच होतं. परीक्षक काही म्हणाले का, असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘हात धुवून या म्हणाले. म्हटलं, धुतलेलेच आहेत.’’ ती पास झाली, आणि चांगल्या नंबरानं झाली.

आता ताई पंच्याहत्तरीला आलीय. तिच्या आत्ताच्या गाडीला क्लचच नाही. माझा मुलगा ती कंपनीत नेतो, तिथं लॅपटॉप लावून दुखणं शोधतात, आणि ताई काचेपलीकडं खुर्चीवर बसून कुरकुरत राहते, ‘‘आत बघू तरी द्या की!’’ त्या जुन्या दिवसांतलं मला सांगायचं मात्र अजून एक उरलंय.

परीक्षेनंतरच्या सुट्टीला आबा चकलांब्याहून आले. त्यांना आम्ही काहीच कळवलं नव्हतं. उगीच काळजीनं आजारी पडले असते. ताई आणि मी गाडी घेऊन स्टँडवर गेलो. बीडची एस.टी. आली, आबा कापडी पिशवी घेऊन उतरले आणि आमची गाडी बघून आजूबाजूला ड्रायव्हर शोधायला लागले. मग त्यांना स्टेअरिंगमागं ताई दिसली. ते तिच्या खिडकीशी आले, आत वाकून पहारीचा दांडा बघितला, बोटांनी चाचपला. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूनं येऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली, चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

ताईनं गाडी मागच्या रस्त्याला वळवायला घेतली, तो मोकळा असतो म्हणून.

‘‘हिकडून कशाला?’’ आबा म्हणाले. ‘‘बाजारातनं घे.’’

‘‘आबा, आज बाजाराचा दिवस हाय. लई गर्दी असंल.’’

‘‘असू दे की. हॉर्न हाय न्हवं?’’

ताईनं दांडा पुढं ढकलला, गिअर टाकला आणि गाडी बाजाराच्या तोंडात घातली. टोपल्या बाजूला सरकल्या, माणसं वळून बघायला लागली. तिचे दोन्ही हात कामात होते. म्हणून हॉर्न आबांनी वाजवला, पलीकडून वाकून, प्रत्येक दुकानापुढं.